एनडीएच्या इंग्रजीसाठी शब्द शिकताना

एनडीएची, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची लेखी परीक्षा पहिल्यांदा दिली तेव्हा मी बारावीत होतो. दहावीपर्यंत बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, मराठी माध्यमात शिकलो. गणिताची भीती कधी वाटली नाही. धास्ती होती ती इंग्रजीच्या ५० प्रश्नांची. प्रत्येकी ४ गुण, म्हणजे लेखीच्या ९०० पैकी २०० गुण एकट्या इंग्रजीचे. गणित आणि सामान्य ज्ञानाचे प्रश्न हिंदीतही छापलेले असतात, अडलं तर तिकडे नजर टाकता येते. इंग्रजीच्या प्रश्नांना तो आधार नाही.

पहिल्या वेळी मी जे केलं ते तुम्ही करू नका. क्लासमधून शब्दांची एक जाडजूड यादी मिळाली होती. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एका शब्दात अर्थ. पहाटे उठून रोज ५० शब्द घोकायचो. परीक्षेत बहुतेक शब्द ओळखीचे वाटले, उत्तरं मात्र चुकली. कारण तिथे नुसता शब्द विचारत नाहीत. पूर्ण वाक्य असतं, त्यातला एक शब्द अधोरेखित केलेला असतो आणि खाली चार पर्याय. 'नॉव्हेल म्हणजे कादंबरी' एवढंच पाठ असेल, तर 'नॉव्हेल आयडिया'शी, म्हणजे अभिनव कल्पनेशी, अडखळायला होतं. 'इनव्हॅल्युएबल' तर मी बिनकिमतीचा समजून बसलो होतो. खरं म्हणजे तो आपला 'अमूल्य'. आधी नकाराचा उपसर्ग, मग मोल, आणि अर्थ काय तर ज्याचं मोलच करता येत नाही असं. दोन्ही भाषांनी शब्द एकाच रीतीने घडवला आहे, पण मी ते दोन शब्द कधी शेजारी ठेवून पाहिलेच नव्हते.

ते शेजारी ठेवायला शिकवलं कॉलेजातल्या संस्कृतच्या बाईंनी. संस्कृत आणि लॅटिन-ग्रीक एकाच भाषाकुळातल्या, आणि अवघड इंग्रजी शब्द बरेचसे लॅटिन-ग्रीकमधूनच आलेले. त्यामुळे जुनी नाती दिसत राहतात. 'मॉर्टल' आणि 'मर्त्य'. 'इग्नाइट' आणि 'अग्नी'. 'नॉव्हिस' म्हणजे 'नवखा', त्यातला 'नव' तोच. 'काँजेनिटल' म्हणजे 'जन्मजात', त्यातही 'जन्'चाच भाऊबंद बसलेला. 'व्होसिफरस' म्हणजे आरडाओरडा करणारा, त्याच्या पोटात 'वाचा' आहे. 'ॲग्नॉस्टिक'मध्ये आपला 'अ' आणि 'ज्ञ' जवळजवळ तसेच्या तसे सापडतात. माझा सगळ्यात आवडता 'इग्नॉमिनी'. त्यात 'नाम' आहे, आणि अर्थ आहे नाव जाणं, बदनामी. हा शब्द मला पुन्हा कधी पाठ करावा लागला नाही. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीत कमी लेखतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण एवढी शिदोरी त्यांच्याजवळ असते आणि ती सोडून बघायला त्यांना कुणी सांगत नाही.

एक मात्र जपा. उपसर्गावर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. 'इनफ्लेमेबल' म्हणजे न पेटणारं नव्हे, चटकन पेट घेणारं. असे शब्द मी वहीच्या शेवटच्या पानांवर लाल शाईने वेगळे लिहिले होते.

दुसरी गोष्ट अर्थाच्या छटांची. चार पर्यायांपैकी दोन अगदी जवळचे असतात आणि गुण तिथेच जातात. यादीत 'फ्रूगल' आणि 'मायझरली' या दोन्हींपुढे 'कमी खर्च करणारा' असं लिहिलं होतं. पण पहिला काटकसरी आणि दुसरा कंजूष. आपल्या आजीला काटकसरी म्हटलं तर ती खूश होईल, कंजूष म्हटलं तर अबोला धरेल. 'कँडिड' म्हणजे मोकळेपणाने बोलणारा, 'ब्लंट' म्हणजे फटकळ. 'रेझोल्यूट' निश्चयी, 'ऑब्स्टिनेट' हट्टी. 'श्रूड' चाणाक्ष, 'कनिंग' लबाड. शब्दकोशातला जड प्रतिशब्द उतरवण्यापेक्षा घरात आपण कुणाला काय म्हणतो ते आठवा, छटा आपोआप बसते.

दुसऱ्या वर्षी ५० ऐवजी रोज १२ शब्द घेतले. ही परीक्षा घेणाऱ्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या (यूपीएससी) संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते, त्यामुळे साहित्याची वाण नाही. तिथून आणि इंग्रजी वर्तमानपत्राच्या अग्रलेखातून शब्द निवडायचे, मराठी छटा लिहायची आणि खाली स्वतःचं एक वाक्य. दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्याने अर्थ झाकून पाहायचं. जो शब्द तीनदा चुकला, त्याचं वाक्य बदलायचं.

पेपर सोडवतानाचा हिशोबही समजून घ्या. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १.३३ वजा. काहीच माहीत नसताना ठोकून दिलं, तर सरासरीने हाती शून्य येतं. पण एक पर्याय खात्रीने खोडता आला की उरलेल्या तिनांतून निवडण्यात सरासरी ०.४४ गुणांचा फायदा असतो, दोन खोडले तर तो १.३३ वर जातो. शब्द अर्धवट माहीत असला तरी खोडायला उपयोगी पडतो. पहिल्या वेळी मी असे प्रश्न घाबरून कोरे सोडले होते.

दुसऱ्या वेळी लेखी पास झालो आणि भोपाळहून एसएसबीचं, म्हणजे लेखीनंतर मुलाखत आणि चाचण्या घेणाऱ्या सेवा निवड मंडळाचं, बोलावणं आलं. तिथल्या मानसशास्त्रीय चाचणीत एकापाठोपाठ ६० शब्द दाखवतात. शब्द साधे असतात, पण प्रत्येकाला १५ सेकंदच मिळतात आणि तेवढ्यात मनात येईल ते वाक्य लिहायचं असतं. यादीतला एकही अवघड शब्द तिथे कामाला आला नाही. कामाला आली ती रोज १२ वाक्यं लिहिण्याची सवय. म्हणून वहीतलं वाक्य पहिल्या दिवसापासून स्वतःचंच असू द्या, अगदी 'माय ग्रँडमदर इज फ्रूगल' एवढंच का असेना.