ट्रान्सड्यूसर बसवताना या चुका टाळा

बोट उभी असताना फिशफाइंडरच्या, म्हणजे पाण्याची खोली आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर पाण्याचा तळ स्वच्छ दिसतो. वेग घेतला की चित्र फुटतं आणि खोलीचे आकडे उड्या मारू लागतात. अशा वेळी फिशफाइंडरला शिव्या घालण्याआधी बोटीच्या मागे वाकून बघा. बऱ्याचदा ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याचा पडसाद टिपणारा भाग, फेसात बुडालेला असतो.

पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, पण वाटेत हवेचे बुडबुडे आले की तिथूनच परततो. तो बोटीच्या मागच्या फळीवर बसवताना आपण हात सहज पोहोचेल तिथे भोक पाडून मोकळे होतो. नेमकी त्याच्या पुढे बोटीच्या तळावरची पट्टी, रिव्हेटची रांग नाहीतर पाणी ओढणारं छिद्र असतं, आणि तिथून बुडबुड्यांची माळ सुटते. म्हणून ड्रिल हातात घेण्याआधी नेहमीच्या वेगाने एक फेरी मारा. सुकाणू दुसऱ्याकडे द्या आणि तळाखालून पाणी कुठे गुळगुळीत सुटतं ते पाहून खूण करा. इंजिनाच्या पंख्यापासून (प्रोपेलर) निदान ३८ सेंटीमीटर लांब राहा. मागून पाहताना पंखा घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर उजवी बाजू बरी. तिथे पाती खाली जातात, खळबळ कमी असते.

उंचीचा खेळ मिलिमीटरचा आहे. ट्रान्सड्यूसरचं तोंड बोटीच्या तळापेक्षा जरासं खाली हवं. फार खाली गेलं तर मागे कारंजं उडतं, वर राहिलं तर हवा खातं. त्याला धरणाऱ्या कंसातल्या (ब्रॅकेट) लांबट खाचा त्यासाठीच असतात, पण पहिल्याच दिवशी स्क्रू गच्च आवळून टाकणारेच जास्त.

निवडताना नुसते वॅट पाहू नका. आवाजाची वारंवारताही बघा: २०० किलोहर्ट्झ उथळ पाण्यात बारकावा देतं, ५० किलोहर्ट्झ खोलवर पोहोचतं. झोताचा कोनही विचारा: आवाजाचा २० अंशांचा झोत ३० मीटरवर सुमारे साडेदहा मीटर रुंदीचा तळ पाहतो. प्लग बसला म्हणजे जोडी जमली असं नाही, वारंवारता आणि शक्ती ट्रान्सड्यूसर आणि फिशफाइंडर दोन्हीकडे जुळायला हवी.

भोक नको म्हणून आतून चिकटवायचा असेल तर बोटीचा तळ भरीव फायबरचा हवा. लाकूड, धातू किंवा मध्ये फोम असलेल्या तळातून हे जमत नाही. चिकटवण्याआधी पाणी भरलेल्या पातळ पिशवीवर ट्रान्सड्यूसर टेकवून जागा तपासा. तळाला भोक पाडून आरपार बसवताना लाकडी तळात प्लास्टिकचा घेऊ नका, कारण लाकूड फुगलं की तो तडकतो; तिथे कांस्य चांगलं. ॲल्युमिनियमला मात्र कांस्य चालत नाही, खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमच झिजतं.

पडद्यावर रेघा येत असतील तर बोट उभी ठेवून, गिअर न टाकता इंजिनाचे फेरे वाढवा. रेघा वाढल्या तर दोष विजेचा: केबल इंजिनाच्या किंवा रेडिओच्या तारांशेजारून नेली असेल. फक्त धावतानाच त्रास होत असेल तर पुन्हा बुडबुडेच. उरलेली केबल कापू नका, वेटोळं करून ठेवा.

तोंडावर शेवाळ, शिंपले धरले तरी चित्र मंदावतं. मऊ कापडाने पुसा. शेवाळरोधक रंग लावायचाच असेल तर पाण्यात मिसळणारा घ्या. कीटोन (एक प्रकारचं द्रावक) असलेला रंग तोंडाचं प्लास्टिक खातो.