चप्पलेचे कान

वाक्यावरून चित्र काढणारं मॉडेल सुधारायचं म्हटलं की नवखा माणूस आधी जीपीयूचा, म्हणजे ट्रेनिंगला लागणाऱ्या ग्राफिक्स चिपचा, हिशेब मांडतो. मीही तेच केलं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी स्टेबल डिफ्यूजन १.५ या अशाच मॉडेलला कोल्हापुरी चप्पल शिकवायची ठरवली, कारण त्या नावाखाली ते कुठलीही सँडल काढून देत होतं. अख्खं मॉडेल शिकवणं आपल्या खिशाला झेपत नाही, म्हणून लोरा ही पद्धत: मॉडेल आधी जे आकडे शिकलंय त्या मूळ वेट्सना हात न लावता बाजूला आकड्यांच्या छोट्या मॅट्रिक्स तेवढ्या शिकवायच्या. गूगलच्या कोलॅब या ऑनलाइन सेवेवर फुकट मिळणाऱ्या १६ जीबीच्या टी४ जीपीयूवर ते निभावतं.

नेटवरून ३०० फोटो ओढले आणि रात्रभर ट्रेनिंग केलं. निकाल मोबाईलवर घेऊन कोल्हापुरातल्या चप्पल लाइनीत एका कारागीर काकांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“पोरा, ह्याचे कान कुठं हायत?”

कान म्हणजे पट्टा तळाला जोडतात तिथं दोन्ही बाजूंना डोकावणारी चामड्याची पानं. माझ्या एकाही कॅप्शनमध्ये, म्हणजे ट्रेनिंगसाठी फोटोसोबत दिलेल्या वर्णनात, ते नव्हते. सगळीकडं नुसतं ‘तपकिरी सँडल’. २०२३ मध्ये ओपनएआयनं आपल्या दाल-ई ३ या चित्र काढणाऱ्या मॉडेलबद्दल जो शोधनिबंध काढला, त्याचा गाभा हाच होता: प्रशिक्षणातल्या चित्रांच्या मूळ मोघम ओळी बदलून तपशीलवार वर्णनं घातली, तर मॉडेल सांगितलेलं जास्त नीट ऐकतं. मी तो वाचलाही होता. पण काकांनी विचारल्यावर डोक्यात शिरला.

मग तिथंच बसून ४० फोटो काढले. कान, अंगठा, वेणी, गोंडा, कोन, उजेड, सगळं लिहिलं. कॅप्शन इंग्रजीतच लिहा. या मॉडेलचा वाक्य वाचणारा भाग, क्लिप एन्कोडर, ७७ टोकनपर्यंतच (टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा) वाचतो आणि देवनागरी शब्दांचे इतके तुकडे करतो की एका वाक्यातच जागा संपते.

या खेपेला कान आले. सोबत वर्तमानपत्रही आलं! काका चप्पल पेपरवर ठेवायचे आणि ते मी कॅप्शनमध्ये लिहिलंच नव्हतं. प्रत्येक फोटोत असलेली पण न लिहिलेली गोष्ट मॉडेल तुमच्या नव्या शब्दालाच चिकटवतं. म्हणून पेपरही लिहा आणि जमिनी बदला. फरशी, शेणानं सारवलेलं अंगण, रंकाळ्याचा कट्टा, काहीही चालेल.

तपासणीसाठी २० वाक्यं आधीच ठरवून ठेवा आणि दर खेपेला सीड (चित्राची सुरुवात ज्यावरून ठरते तो आकडा) तोच ठेवा, नाहीतर सुधारणा खरी की नशिबाची, कळत नाही. एफआयडीसारख्या, मॉडेलची चित्रं एकूणात खऱ्या फोटोंच्या किती जवळ आहेत ते मोजणाऱ्या आकड्यांवर विसंबू नका. कान नसले तरी त्या आकड्याला फारसा फरक पडत नाही. मी प्रिंट काढून काकांकडं न्यायचो. चूक दिसली की ते पेननं गोल करायचे.

शेवटच्या प्रिंटवर एकच मोठा गोल होता. “दोन्ही डाव्याच केल्यास की रं!” ४० पैकी ३४ फोटो एकेकट्या चप्पलेचे होते. सध्या जोडीचे फोटो काढतोय.