कॅप्नोग्राफच्या आकड्यावर विसंबताना या चुका टाळा

पावसाळा लागला की मराठवाड्यातल्या अतिदक्षता विभागांत मण्यार चावलेले आणि कीटकनाशक पोटात गेलेले रुग्ण येऊ लागतात. दोन्हींत श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात व रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. मास्कने ऑक्सिजन चालू असताना पल्स ऑक्सिमीटरवर ९८ दिसले म्हणून श्वास पुरेसा आहे असे समजणे, ही पहिली चूक. ऑक्सिजन मिळत असेल तर श्वास मंदावूनही तो आकडा बराच वेळ ढळत नाही.

त्याहून फसवी चूक मी स्वतः केली आहे. शेतातल्या आखाड्यावर भुईवर झोपलेल्या एका सालगड्याला पहाटे मण्यार चावली होती. पापण्या मिटत चाललेल्या, पण नाकाशी लावलेल्या नळीतून कॅप्नोग्राफवर (बाहेर सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजून आलेख काढणारे यंत्र) ३१ मिमी पारा येत होते आणि नेहमीची मर्यादा ३५ ते ४५ असल्याने मी निर्धास्त होतो. सिस्टरने मात्र आलेखाकडे बोट दाखवले: प्रत्येक श्वासाला जो सपाट माथा दिसायला हवा तो नव्हताच, नुसती बुटकी टोके उमटत होती. एबीजीत (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) कार्बन डायऑक्साइड ६८ निघाला. उथळ श्वासात वायुकोशांतली हवा नळीपर्यंत नीट पोहोचत नाही, आणि जी पोहोचते तिच्यात मास्कचा ऑक्सिजन मिसळतो, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. आलेख न पाहता आकडा नोंदवू नये, हे मी त्या दिवशी शिकलो.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णातही कॅप्नोग्राफचा आकडा म्हणजे रक्तातला आकडा नव्हे. निरोगी फुफ्फुसांत दोहोंमध्ये २ ते ५ मिमी पाऱ्याचे अंतर असते. रक्तदाब कोसळला किंवा फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की ते बरेच वाढते. अशा वेळी २८ पाहून श्वासांची गती कमी केली, तर आधीच साठलेला वायू आणखी साठतो. सुरुवातीला एबीजी करून अंतर ठरवावे आणि रक्तदाब किंवा व्हेंटिलेटरची मांडणी बदलली की ते पुन्हा तपासावे.

आकडा एकाएकी पडला तर आधी रुग्ण पाहावा, मग यंत्र: श्वासनलिकेतली नळी निसटली का, नाडी लागते का, आणि त्यानंतरच सॅम्पलिंग लाईनमध्ये (श्वासाची हवा यंत्राकडे नेणारी बारीक नळी) पाणी साचले का किंवा वॉटर ट्रॅप (ते पाणी अडवणारी डबी) भरला का. श्वासनलिकेत नळी घातल्यावर आलेख उमटलाच नाही, तर ती अन्ननलिकेत गेली आहे असेच धरून चालावे. हृदय बंद असले तरी छातीवर नीट दाब देणे चालू असताना थोडा तरी आलेख बहुधा उमटतो.

त्वचेतून कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर लावताना खाली हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा कमी येतो, आणि सूज असलेल्या किंवा गार पडलेल्या हातापायावर तो भरवशाचा नसतो. लावल्यावर काही मिनिटे आकडा स्थिरावू द्यावा. हा सेन्सर त्वचा ४२ अंशांच्या आसपास तापवतो, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या वेळेआधीच जागा बदलावी, नवजात बाळाच्या बाबतीत तर घड्याळ लावूनच.