मुलाखतीत हसू आणायचं, पण कसं?

सदाशिव पेठेत गेली अकरा वर्षं मी यूपीएससीच्या मुलांच्या सराव मुलाखती घेते. 'मॅडम, एखादा विनोद सांगितला तर मार्क वाढतील का?' हा प्रश्न दरवर्षी येतो. विनोद सांगू नका. विनोद उत्तरात असावा लागतो.

मुख्य परीक्षेचे 1750 गुण आणि मुलाखतीचे 275. आयोग या टप्प्याला व्यक्तिमत्त्व चाचणी म्हणतो. ती उलटतपासणी नसून सहज चाललेला, पण दिशा असलेला संवाद असावा, असं त्यांनी जाहिरातीतच लिहिलेलं असतं. सहज बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी हसू आपसूक येतंच.

मागे माण तालुक्यातला एक मुलगा सरावाला आला होता. विचारलं, 'तुमच्याकडे पाणी नाही, मग आहे काय?' तो म्हणाला, 'मॅडम, आम्हाला पावसाची वाट बघायची सवय आहे, त्यामुळे निकालाची वाट बघणं सोपं जातं.' आम्ही चौघंही हसलो. तो मात्र तिथे थांबला नाही. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणमध्ये 500 च्या आसपास, कारण ढग घाटमाथ्यावरच रिकामे होतात, हे त्यानं शांतपणे सांगितलं. पुढे पाणलोटाच्या कामांवर आला. हसू एका वाक्याचं आणि मागे माहिती चार वाक्यांची, हे प्रमाण मला फार आवडलं. तेव्हापासून सगळ्यांना मी तेच सांगते.

तुम्हीही तुमचा डीएएफ, म्हणजे सविस्तर अर्ज, समोर घ्या. नाव, गाव, पदवी, छंद, मधे गेलेलं वर्ष यांच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा. प्रत्येकात खरोखर गमतीचं काय आहे ते एका ओळीत लिहा आणि घरी आईला किंवा आजीला बोलून दाखवा. समजावून सांगावं लागलं तर ती ओळ खोडा.

मराठीतून मुलाखत देणाऱ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. तुमच्यात आणि बोर्डात दुभाषी असू शकतो. आपल्याला कोट्यांची भारी हौस, पण शब्दावरची कोटी भाषांतरात मरते आणि दुभाष्याचीही पंचाईत होते. प्रसंगातली गंमत मात्र कुठल्याही भाषेत पोचते, वरची पावसाची ओळ तशीच आहे.

पहिली दोन-तीन मिनिटं नुसतं साधं बोला. अध्यक्षांनी काही गमतीचं म्हटलं तर मोकळेपणानं हसा, पण त्यांच्यावर कडी करायला जाऊ नका. शेतकरी आत्महत्या, जात, अपघात, कोणाचं दिसणं किंवा बोलीचा हेल यांवर गंमत नकोच. उत्तर येत नसेल तेव्हा तर मुळीच नको. तिथे 'माफ करा सर, मला माहीत नाही' एवढंच पुरतं. अज्ञान झाकायला केलेला विनोद समोरच्याला लगेच कळतो, आणि मला तर त्याचं फार वाईट वाटतं, कारण बरेचदा हुशार मुलंच घाबरून असं करतात.

आणि बोर्ड हसलंच नाही तर? चेहरे बघत थांबू नका, 'गंमत केली सर' असंही म्हणू नका. तुमचं माहितीचं वाक्य तयार आहेच, ते त्याच आवाजात सुरू करा.