हरिश्चंद्रगडाच्या मुक्कामाची सॅक

पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर एका रात्रीचा मुक्काम असेल, तर सॅकमध्ये आधी मोठी, जाड प्लॅस्टिकची पिशवी उघडून घाला आणि सगळं सामान तिच्यातच भरा. बाहेरचं रेनकव्हर पाठीकडून झिरपणारं पाणी अडवत नाही. पायथ्याच्या खिरेश्वर गावाहून निघालात तर वाटेतली तोलारखिंड येईपर्यंत सॅक ओली झालेली असते. स्लीपिंग बॅग तळाशी. पाणी आणि शिधा पाठीला चिकटून मधोमध, म्हणजे चढताना तोल मागे जात नाही. टॉर्च वरच्या कप्प्यात. सगळ्यात महत्त्वाचं, रात्री घालायचे कोरडे कपडे आणि मोजे वेगळ्या पिशवीत घट्ट बांधा; कितीही भिजलात तरी गडावरच्या मुक्कामाच्या गुहेत पोचेपर्यंत त्यांना हात लावू नका. जीन्स घरीच राहू द्या, भिजली की दोन दिवस वाळत नाही.