परदेशात कंपनी विकत घेताय? मग या चुका टाळा

मुंढवा, आकुर्डी, हडपसर असल्या पत्त्यांवरून युरोपातल्या कंपन्या विकत घेतल्या गेल्यात आणि पुणेकर म्हणून मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो. पण आता भोसरी-चाकणचे मधल्या साईझचे लोकपण जर्मनी-इटलीत काय विकायला निघालंय ते बघायला लागलेत, आणि मोठ्यांनी ज्या गोष्टींची भरपूर किंमत मोजली त्याच परत होऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे शेअर घेतले की कंपनी आपली झाली असं धरून चालणं. पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉनचं बघा ना. 2007 मध्ये फ्रान्सच्या अरेवाशी चढाओढ करून त्यांनी हॅम्बुर्गची आरईपॉवर ही पवनचक्क्यांचीच कंपनी मिळवली, पुढे हिस्सा 90 टक्क्यांच्या वर गेला, आपल्याला वाटणार झालं काम. पण जर्मनीत शेअर बाजारात लिस्टेड कंपनी बहुतेक 'एजी', म्हणजे आपल्या पब्लिक लिमिटेडसारखी, असते आणि तिचं मॅनेजमेंट बोर्ड मोठ्या शेअरहोल्डरच्या ऑर्डरी पाळायला बांधील नसतं. त्यासाठी डॉमिनेशन अ‍ॅग्रीमेंट नावाचा वेगळा करार लागतो, जनरल मीटिंगमध्ये 75 टक्के मतं लागतात, वर छोट्या शेअरहोल्डरांना भरपाई द्यायची. तो करार नव्हता, त्यामुळे कर्ज सुझलॉनच्या डोक्यावर आणि कॅश न् टेक्नॉलॉजी मात्र तिकडेच, मोकळेपणाने इकडे आणता येईना. उरलेल्या शेअरहोल्डरांना बाहेर काढेस्तोवर 2011 उजाडलं, ऑक्टोबर 2012 मध्ये परदेशी बॉण्डचे 20 कोटी डॉलरहून जास्त पैसे वेळेत देता आले नाहीत, आणि 2015 मध्ये तीच कंपनी, तोवर नाव सेनव्हियन झालेलं, 100 कोटी युरोला विकावी लागली. पवनचक्कीचा धंदा तेव्हा जगभर मंदावला होता हे खरंच, पण घरातला पैसा हाताशी नसणं हे दुखणं वेगळं होतं.

म्हणून सही करायच्या आधी तिकडच्या वकिलाकडून एका पानावर साध्या भाषेत लिहून घ्या: तिथली कॅश इकडे कधी आणि कोणत्या मार्गाने येईल, ड्रॉइंग आणि पेटंट वापरायचा हक्क कोणाचा, सीईओ बदलायचा अधिकार कोणाकडे. लहान कंपनी बहुतेक 'जीएमबीएच', म्हणजे आपल्या प्रायव्हेट लिमिटेडसारखी, असते, तिथे मालक मॅनेजिंग डायरेक्टरला थेट सूचना देऊ शकतो, म्हणजे ही डोकेदुखी बरीच कमी. आणि आधीच अडकला असाल तर भांडत बसू नका, टेक्नॉलॉजीसाठी बाजारभावाने लायसन्सचा करार करा आणि ट्रान्सफर प्रायसिंगचे, म्हणजे आपल्याच दोन कंपन्यांमधल्या व्यवहाराचा भाव कसा ठरवला त्याचे, कागद पहिल्या दिवसापासून नीट ठेवा.

दुसरं, थोड्या मुदतीच्या कर्जावर लांब पल्ल्याची खरेदी. टाटा मोटर्सने जून 2008 मध्ये 230 कोटी डॉलरला जग्वार लँड रोव्हर घेतली, त्यासाठी 300 कोटी डॉलरचं ब्रिज लोन, म्हणजे तात्पुरतं कर्ज, आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेची लेहमन ब्रदर्स बँक बुडून जगभर मंदी आली. गाड्यांची मागणी कोसळली, राइट्स इश्यूला (जुन्या शेअरहोल्डरांना नवे शेअर विकून पैसे उभे करणं) प्रतिसाद थंड, न् पुढच्या वर्षी कर्ज फेडायची वेळ. पाठीशी टाटा सन्स ही ग्रुपची मुख्य कंपनी होती म्हणून निभावलं. तुमच्या पाठीशी कोण आहे?

आता जी गोष्ट अगदी किरकोळ वाटते पण महिनोन्महिने खाते ती. पुण्याचा आयटी हेड उत्साहाने आपलं ईआरपी, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार नोंदवणारं सॉफ्टवेअर, तिकडच्या प्लांटमध्ये टाकायला निघतो, त्यात कोण कधी लॉगिन झालं, कोणी किती एन्ट्र्या केल्या सगळं दिसतं. तिकडून मेल येतो की वर्क्स कौन्सिलशी, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेल्या समितीशी, बोलल्याशिवाय चालू करता येणार नाही. आपले लोक चिडतात, 'युनियनला सॉफ्टवेअरशी काय करायचंय?' पण जर्मन कायद्याने कामगारांवर नजर ठेवू शकेल असं कुठलंही सॉफ्टवेअर, ओव्हरटाइम, शिफ्टच्या वेळा यात त्या कौन्सिलची संमती लागतेच, मालक कोणीही असो. यावर उपाय साधा आहे, लॉगचा रिपोर्ट कोण बघणार आणि तो पगार-प्रमोशनसाठी वापरणार नाही हे लेखी द्या, कौन्सिलच्या माणसांना एकदा चाकणला आणून प्लांट दाखवा. आणि आपल्याकडून एकतरी जर्मन बोलणारा माणूस तिकडे ठेवा, मॅक्समुल्लर भवनात शिकलेली पोरं पुण्यात कमी नाहीत.

मग कोणी म्हणेल थोडा थोडा हिस्सा घेऊ. बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएम या बाइक कंपनीत 2007 ला 14.5 टक्क्यांनी सुरुवात केली, इंजिनिअरिंग एकत्र केलं, 2012 पासून चाकणची ड्यूक 200 लोकांनी डोक्यावर घेतली, आणि माझ्या मते अशी सुरुवात करायची हीच खरी पद्धत. पण केटीएमच्या वरच्या होल्डिंग कंपनीत जवळपास निम्मा हिस्सा असूनही कारभार ऑस्ट्रियातल्या पार्टनरच्या हातात राहिला, न विकलेल्या गाड्यांचे ढीग लागले, कर्ज वाढलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये केटीएम इन्सॉल्व्हन्सीत, म्हणजे दिवाळखोरीत, गेली. 2025 मध्ये बजाजला 80 कोटी युरोची मदत उभी करून कंट्रोल घ्यावा लागला. म्हणजे हिस्सा कमी घ्या हवं तर, पण कर्जाची मर्यादा, प्रॉडक्शन प्लॅन आणि स्टॉक यावर व्हेटो करारात पाहिजेच पाहिजे.

एकाच देशावर एक्स्पोर्ट टांगून ठेवणं हेही तसंच. नायजेरियाने जून 2023 मध्ये आपलं चलन नायरा बाजारभावावर मोकळं सोडलं, डॉलर 460 नायरांवरून काही महिन्यांत 1500 च्या आसपास गेला, आणि आपल्याकडून गेलेल्या बाइक घेणाऱ्या तिकडच्या बाइक-टॅक्सीवाल्याचा खिसा तर तेवढाच राहिला.

राहिला आपला स्वतःचा कागद, जो सगळे विसरतात. ऑटोमॅटिक रूटने, म्हणजे रिझर्व्ह बँकेची आधी परवानगी न घेता, परदेशात नेटवर्थच्या 400 टक्क्यांपर्यंत पैसे घालता येतात, पण दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत एपीआर, म्हणजे तिकडच्या कंपनीचा वार्षिक कामगिरी अहवाल, बँकेमार्फत भरावा लागतो. राहिला असेल तर आजच एडी बँकेत (परकीय चलनाचे व्यवहार करायची परवानगी असलेल्या बँकेत) जाऊन लेट सबमिशन फी भरून टाका, कारण तो थकीत असेल तर तिकडच्या कंपनीला पगाराला पैसे लागतील त्याच आठवड्यात इथून रेमिटन्स अडकेल.