एकाच पाइपवर दोन अँटेना? फिल्टर मागवायच्या आधी हे करून बघा

गच्चीवर सोसायटी एकच पाइप उभा करू देते, मग वर टू मीटर बँडचा (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) व्हर्टिकल म्हणजे उभा अँटेना आणि त्याखाली यूएचएफचा (४३५ च्या आसपासचा), बऱ्याच हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्या लोकांकडे हेच असतं. आणि तक्रारही तीच, एका सेटचं पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं की दुसऱ्यावर खरखर, नाहीतर ऐकू येत असलेलं स्टेशन गायब. फिल्टर लागेलही, पण तो कुठल्या सेटला लावायचा हे कळल्याशिवाय पैसे घालवू नका.

आधी ट्रान्समिट करणाऱ्या सेटला अँटेनाऐवजी डमी लोड (सिग्नल हवेत न सोडता पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा. त्रास तसाच राहिला तर अँटेनाचा दोष नाही, तो पॉवर सप्लायमधून किंवा सेट एकमेकांवर ठेवलेत म्हणून येतोय, एक सेट बॅटरीवर चालवून बघा. त्रास थांबला तर अँटेना परत जोडा आणि ऐकणाऱ्या सेटच्या लाइनमध्ये १० डीबीचा अटेन्युएटर, म्हणजे येणाऱ्या सिग्नलची पॉवर दहा पटीने कमी करणारा तुकडा, टाका (या सेटचा माइक काढून ठेवा, चुकून पीटीटी दाबलं तर अटेन्युएटर जळेल). आता गायब होणारं स्टेशन टिकून राहिलं तर रिसीव्हर ओव्हरलोड होत होता, बँडपास फिल्टर (फक्त आपला बँड आत सोडणारा) ऐकणाऱ्या बाजूला लावा. पण स्टेशन आणि खरखर दोन्ही सारखेच कमी झाले तर घाण थेट तुमच्या फ्रिक्वेन्सीवर येतेय, ती ऐकणाऱ्या बाजूला कितीही भारी फिल्टर लावला तरी जाणार नाही, इलाज ट्रान्समिटरलाच करायचा.

टू मीटर-यूएचएफ जोडीत हे होतंच, कारण ट्रान्समिटर आपल्या फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट जागीही थोडा सिग्नल (हार्मोनिक) सोडतो, १४५ गुणिले ३ म्हणजे ४३५ मेगाहर्ट्झ आणि आपला यूएचएफ बँड ४३४ ते ४३८. टू मीटरच्या सेटला लो पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) लावा. कोॲक्स म्हणजे अँटेना केबलचा क्वार्टर वेव्ह शॉर्टेड स्टब (पाव तरंगलांबीचा, टोकाला शॉर्ट केलेला तुकडा) बरेच जण सुचवतात, स्वस्त आहे, पण १४५ साठी कापलेला स्टब २९० ला मारतो आणि ४३५ ला आरामात सोडतो, म्हणजे इथे उपयोग शून्य.

दोन्ही अँटेना टू मीटरचेच असतील, समजा एक एपीआरएसचा (लोकेशन वगैरे डेटा पाठवायचा) आणि एक बोलायचा, तर अंतर हाच खरा उपाय. एकाच्या बरोबर डोक्यावर दुसरा, मध्ये ४ मीटर, तर साधारण ४० डीबी आयसोलेशन मिळतं, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्यात पोचेपर्यंत तेवढा घटतो. तेवढंच अंतर आडवं ठेवलं तर २८ च्या आसपास, त्यातूनही दोन्ही अँटेनांचा गेन वजा करा. नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) असेल तर दोन कोॲक्स दोन पोर्टला लावून एस२१, म्हणजे एका पोर्टमधून दुसऱ्यात किती सिग्नल पोचतो, ते बघा, आकडा समोर येतो, फक्त केबलचा लॉस त्यात धरलेला असतो हे विसरू नका आणि तेव्हा कोणी ट्रान्समिट करू नये. खालचा अँटेना पाइपला चिकटवू नका, आडव्या आर्मवर अर्धा-एक मीटर तरी बाहेर काढा.

मुंबई-कोकणात अजून एक भानगड, खाऱ्या हवेने गंजलेले क्लॅम्प डायोडसारखे वागतात आणि नको ते सिग्नल तयार करतात. क्लॅम्प, नटबोल्ट सगळं स्टेनलेसचं घ्या. आणि पॉवर, २५ वॅटवरून ५ वर आणली तर ७ डीबी फुकटात मिळतात, लोकल रिपीटरला (आपला सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या स्टेशनला) तेवढी बहुतेक वेळा पुरते.